आज शाळेत जेवायला काय

आरबोगा, गुरुवार

प्रिय इल्वा,

आज सकाळी दहा वाजता वाचनालयातल्या स्टिगने तिसऱ्यांदा तपासून सांगितलं : सिग्नेचा जुना टॅबलेट अजून चालू आहे, तो रिकार्डच्या घरात आहे, तुम्ही दोघी ज्या घरातून निसटलात तिथेच, आणि त्यावर माझं खातं उघडं आहे. शेवटचा वापर आजच, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी. स्टिगने चाळीस वर्षं रेल्वेचे सिग्नल सांभाळलेत. एकदा बघून तो कशावरच विश्वास ठेवत नाही. पण तिन्ही वेळा तेच निघालं. मी माझ्या संगणकावर जे जे पान उघडते, त्याची यादी रिकार्डला त्याच्या स्वयंपाकघरात कॉफी पिता पिता वाचता येते.

आणि त्या यादीत तुमचं गाव आहे.

गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. ते मला माहीत असायलाच नको होतं. तू कधी सांगितलं नाहीस, मी कधी विचारलं नाही, आणि तरी नोव्हेंबरपासून मला ते माहीत आहे. कसं ते सांगते. तुला राग येईल. येऊ दे, तो माझ्या वाटणीचाच आहे.

मंगळवारी हे कळल्या कळल्या मी मारिकाला फोन केला. वाचनालयाच्या जिन्यात उभी राहून, कोट अर्धा अंगावर, अर्धा खाली लोंबतोय. ती पोलिसांतली असली तरी आवाज कधी चढवत नाही, हे तुला माहीतच आहे. तिने सगळं ऐकून घेतलं, दोन वेळा तारखा विचारल्या आणि म्हणाली, ‘ठीक आहे गुनवोर, आता पुढचं मी बघते.’ म्हटलं, त्या दोघींना आजच्या आज हलवाल ना? तर म्हणते, ‘हलवलं असं मी म्हणू शकत नाही, आणि हलवलं नाही असंही म्हणू शकत नाही.’ काल पुन्हा फोन केला, तेच उत्तर. आज सकाळी तिसऱ्यांदा केला तेव्हा म्हणाली, ‘तुम्हाला काही कळू नये हाच तर नियम आहे ना?’ बरोबर आहे. नियम मीच मोडला, आता कुठल्या तोंडाने भांडू? पण इल्वा, तीन दिवस मला माहीत नाही की तुम्ही कुठे आहात. त्याआधी तीन महिने मला माहीत होतं, आणि त्या माहीत असण्यानेच हे झालं.

तुम्ही निघालात तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. रिकार्ड दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. तुझ्या मनगटाला प्लास्टर होतं, म्हणून सिग्नेच्या बुटांचे बंद मी बांधले. मारिकाने सांगितलं होतं की अकरा मिनिटांत गाडी निघाली पाहिजे. ‘ज्यात ज्यात बॅटरी आहे ते सगळं इथेच राहील,’ असं तू म्हणालीस, आणि फोन, घड्याळ, तुझा संगणक, सिग्नेची दिवा लागणारी बाहुलीसुद्धा जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडून ठेवलीस. टॅबलेटसाठी तिने केवढा आकांत केला. त्यात तिच्या गोष्टी होत्या. मी तिला म्हटलं, अगं, गोष्टी काय, आज्जीच्या डोक्यात आहेत सगळ्या. तू गाडीत बसलीस तेव्हा वळून पाहिलं नाहीस. चांगलं केलंस.

पण त्या टॅबलेटवर त्या गोष्टी आल्या कुठून, हे मी पार विसरून गेले होते. पाचव्या वाढदिवसाला मीच तो तिला दिला होता. सुरू करताना त्याने खातं मागितलं. तिच्याकडे कुठलं खातं असणार, म्हणून मी माझंच घातलं. पासवर्ड विचारला, तो घातला. सिग्नेचं नाव आणि तिची जन्मतारीख. हा पासवर्ड माझ्या फ्रिजवर चुंबकाखाली कागदावर लिहिलेला असायचा. तू त्या कागदावरून मला एकदा ओरडली होतीस आणि मी म्हटलं होतं, माझ्यासारख्या म्हातारीच्या घरात कोण कशाला डोकावतंय?

आपल्या देशात कोणाचं काय लपलेलं असतं गं? कोणाचंही नाव टाका, पत्ता येतो, वय येतं, घरात कोण कोण राहतं ते येतं, वाढदिवस कधी आहे तेही येतं. तुझे बाबा जिवंत असताना रविवारी जेवण झालं की शाळेतले जुने मित्र शोधत बसायचे. ‘बघ, हा लठ्ठ्या अजून त्याच गल्लीत राहतो!’ त्यात काही वावगं आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. तुम्ही गेल्यावर मी एकदा तुझं नाव टाकून पाहिलं. ‘कोणी सापडलं नाही.’ मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग मी ते दर आठवड्याला बघायला लागले. कोणी सापडलं नाही. कोणी सापडलं नाही. सगळ्या देशाची दारं उघडी, आणि एकट्या माझ्या लेकीचं दार बंद. मी त्या दारावर हात फिरवून परत यायचे.

तू सांगितलेले बाकीचे सगळे नियम मी पाळले, हे तरी खरं मान. संगणकाच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. दुकानातलं ते सवलतीचं कार्ड परत केलं. सिग्नेचा एकही फोटो कोणाला पाठवला नाही. तुझ्या मामेबहिणीने मागितला तर तिच्याशी वाईटपणा घेतला. कुठलंही पान उघडलं की ते परवानगी मागतं, तेव्हा मी आधी ‘नकार’ कुठे लपवलाय ते शोधून त्याच्यावरच बोट ठेवायचे, दहा मिनिटं लागली तरी. अनोळखी दुवा आला की उघडला नाही. मला वाटायचं, मी किल्ला राखतेय. आणि किल्ल्याची मागची भिंत मी स्वतःच काढून ठेवली होती.

आता नोव्हेंबरचं सांगते. तुझा एक रविवारचा फोन. तू कॉफी ओतायला गेलीस आणि दोन मिनिटं फोन सिग्नेच्या हातात होता. मी विचारलं, शाळेत जेवतेस का नीट? पस्तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेली बाई नातीला दुसरं काय विचारणार? ती एका दमात सांगत सुटली. सोमवारी पाल्ट होता आणि तिने तीन गोळे खाल्ले, मंगळवारी अंड्याच्या रश्श्यातला मासा होता, तो ‘यक्क’ होता, आणि शुक्रवारचं जेवण त्यांच्या पहिलीच्या वर्गाने निवडलं होतं, मीटबॉल, आणि ‘आज्जी, मी बीट सांगितलं! सगळी मुलं ओरडली, पण बाईंनी लिहिलं!’ तेवढ्यात तू फोन काढून घेतलास. आपण हवापाण्याचं बोललो. तेही गोलमोलच, कारण हवासुद्धा सांगायची नाही असं ठरलं होतं.

मी फोन ठेवला आणि एका पाकिटाच्या पाठीवर लिहून ठेवलं : सोमवार पाल्ट, मंगळवार मासा, शुक्रवार मीटबॉल व बीट. कशासाठी लिहिलं? शपथेवर सांगते, त्या क्षणी मला माहीत नव्हतं. हात आपोआप लिहीत होता. मग दुसऱ्या दिवशी मी संगणकासमोर बसले. शाळांचे जेवणाचे तक्ते तर सगळे उघडेच असतात, गावागावाचे, शाळाशाळांचे. आई-बापांना कळावं म्हणून आम्हीच ते दर शुक्रवारी चढवायचो. आणि सोमवारी शाळेत पाल्ट वाढणारी गावं इकडे खाली सापडत नाहीत. तो बटाट्याचा गोळा, आत डुकराचं मांस, चारशे मुलांसाठी वळायचा म्हणजे हात तुटतात. ज्यांच्या आज्या ते करत आल्या, तेच स्वयंपाकी त्याच्या वाटेला जातात. नकाशाचा वरचा तुकडा तेवढा उरला. तीन दुपारी मी एकेक तक्ता चाळला. चौथ्या दुपारी सापडला. सोमवारी पाल्ट. मंगळवारी मासा, अंड्याचा रस्सा. शुक्रवारी लिहिलं होतं : ‘पहिलीची निवड : मीटबॉल आणि बीट.’

अख्ख्या देशात बीट मागणारं सहा-सात वर्षांचं एकच मूल आहे, आणि त्याला बीट खायला मी शिकवलंय. मी पडद्यावर बोट ठेवून रडले, इल्वा. पडद्याला डाग पडला तो अजून तसाच आहे.

मी कोणाला सांगितलं नाही. शेजारच्या उल्ला-ब्रिटला नाही, स्टिगला नाही, तुझ्या बाबांच्या थडग्यापाशीसुद्धा मोठ्याने बोलले नाही. मी त्या गावी आले नाही, पत्र पाठवलं नाही, फोन केला नाही. मी फक्त रोज अकरा वाजता ते पान उघडायचे. मुलं अकराला जेवायला बसतात. मासा असला की मी म्हणायचे, आज पोरगी उपाशी राहणार, कुरकुरीत पावावर भागवणार. मॅकरोनी असली की जीव शांत व्हायचा. मग मी तेच शिजवायचे. गुरुवारी मटारचं सूप आणि पॅनकेक, ते तर सगळीकडेच असतं, पण मंगळवारचा मासा मी माझा मीच शिजवून माझा मीच खाल्ला, आणि तो खरंच यक्क असतो. तीन महिने मी एकटी कधीच जेवले नाही. माझ्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सिग्ने बसलेली असायची. एवढंच होतं. एवढंच मी केलं, आणि त्याने तुमचा जीव टांगला.

रिकार्डने टॅबलेट कपाटात टाकून दिला असावा. स्टिगला जे दिसतंय त्यावरून त्याने तो फेब्रुवारीच्या अखेरीस पहिल्यांदा चालू केला. का, ते कळायला मार्ग नाही. कदाचित विकायला काढला असेल, कदाचित बाहुली हातात आली तसा हा टॅबलेटही आला असेल. चालू केला आणि वर माझं नाव दिसलं. आणि नावाखाली, रोज अकरा वाजता, न चुकता, एका शाळेचं जेवण. तो मूर्ख नाही. मूर्ख असता तर याआधी त्याला तुला दोनदा शोधून काढता आलं नसतं, एकदा फोनवरून आणि एकदा त्या दुकानाच्या पावतीवरून.

मला कळलं ते असं. सोमवारी अकराला मी नेहमीप्रमाणे शाळेच्या नावाची पहिली दोन अक्षरं टाकली. एरवी खाली एकच ओळ यायची, माझी. सोमवारी चार आल्या. माझ्या ओळीखाली, त्याच शाळेच्या नावापुढे, ‘सुटण्याची वेळ’. त्याखाली ‘जवळपास राहण्याची सोय’. त्याखाली ‘मागचं गेट’. मला वाटलं, डोकं गेलं माझं. तुझ्या आजीचं गेलं होतं तसं, लिहायचं आणि विसरायचं. इल्वा, त्या पाच मिनिटांत मी मनापासून प्रार्थना करत होते की मला वेड लागलेलं असू दे. पण मागचं गेट? मी मागचं गेट का शोधीन?

मंगळवारी वाचनालयात स्टिगची बैठक असते, संगणक अडलेल्या म्हाताऱ्यांसाठी. तो स्वतः त्र्याहत्तरचा. मला पाहून म्हणाला, ‘आलीस? या वेळी काय, प्रिंटर रुसला की राजपुत्राने लॉटरी लागल्याची मेल पाठवली?’ मी माझा संगणक पुढे ठेवला आणि त्या चार ओळी दाखवल्या. त्याने चष्मा वर केला. माझं खातं कुठे कुठे उघडं आहे त्याची यादी काढली. हा संगणक. माझा फोन. आणि तिसरं, मीच हौसेने ठेवलेलं नाव : ‘सिग्नेची गोष्टींची पाटी’. व्हेस्टेरॉस, रिकार्डचं गाव. शेवटचा वापर त्याच सकाळी, सात-चाळीस. स्टिग मग म्हणाला, ‘तुझं तिकडे जातं तसं त्याचं इकडे येतं, हे त्याला माहीतच नाही. चोर घरात शिरताना बूट दारात काढून ठेवून गेलाय.’ आणि मग माझ्यावर उखडला. ‘अगं बाई, खाजगी विंडो उघडायचीस! काही साठत नाही त्यात. मागच्या वसंतात शिकवलं होतं की नाही मी? तू तेव्हा दालचिनीचे बन वाटत होतीस!’ खरंच वाटत होते. आणि म्हटलंही होतं, मला कसली आलीय खाजगी विंडो, मी काय जेवणाचे तक्ते बघणार.

त्याने बाणाची खूण त्या तिसऱ्या नावावर नेली. एक बटण होतं : या उपकरणावरून बाहेर पडा. ‘दाबतो,’ म्हणाला. मी त्याचं मनगट धरलं. इतक्या जोरात, की त्याला लागलं. कारण मला एकदम दिसलं : हे दाबलं की रिकार्डच्या हातातली पाटी कोरी होणार. मग त्याला कळणार की मला कळलंय. मग तो मागच्या गेटाची वेळ ठरवत बसणार नाही, त्याच दिवशी गाडीत बसेल. न्यायालयाने तुमच्या जवळ फिरकायची बंदी घातलीय, ती कागदावर आहे आणि त्याची गाडी रस्त्यावर. आणि तू तिथे अजून असशील तर? मारिकाचा माणूस पोचलाच नसेल तर?

वाचनालयातून मी घरी आले. तीन वाजले असतील. कोट न काढता संगणक उघडला आणि पुढचा एक तास मी जे केलं ते आयुष्यात केलं नव्हतं. मी खोटं बोलले, एकही शब्द तोंडाने न उच्चारता. रविवारी सिग्नेला आठ पूर्ण होतात. शनिवारपासून वरच्या भागातल्या शाळांना हिवाळ्याची सुट्टी लागते, हेही त्याला त्या तक्त्यावर दिसतच असणार. म्हणून मी शोधलं : सिम्रिसहाम्न, समुद्राकाठी केबिन, शनिवार ते बुधवार, मोठी माणसं दोन, मूल एक. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. मार्चमध्ये तिथे समुद्र आणि वारा सोडून कोणी नसतं. मी ती केबिन खरोखर घेतली, चौदा नंबर. रेल्वेची वेळ पाहिली. तिथली हवा पाहिली. मुलांचे पोहण्याचे हौद पाहिले. एका बेकरीचं पान उघडून हिरव्या मार्झिपानचा, म्हणजे बदामाच्या लगद्याचा, केक पाहिला, आठ मेणबत्त्यांसकट. नातीला भेटायला निघालेली आज्जी जे जे बघेल ते ते बघितलं. ते करताना मला कष्ट पडले नाहीत. मी ते दोन वर्षं मनात करतच होते.

काल सकाळी मी शाळेचं पान उघडलं नाही. सिम्रिसहाम्नची पहिली अक्षरं टाकली आणि वाट पाहत बसले. सात-पन्नासला खाली दुसरी ओळ आली. ‘व्हेस्टेरॉस ते सिम्रिसहाम्न, गाडीने.’ आज सकाळी आणखी एक : त्या केबिनच्या रांगेचा वरून घेतलेला नकाशा. स्टिगने दोन्ही तपासल्या. दोन्ही टॅबलेटवरूनच. आणि मंगळवारनंतर त्याने तुमच्या शाळेचं नाव एकदाही टाकलेलं नाही. एकदाही नाही, इल्वा. हा एक धागा धरून मी बसलेय.

स्टिगला सांगितलं तेव्हा तो पांढरा पडला. ‘गुनवोर, मासे धरायचे तर माझ्याकडून गळ घेऊन जा. स्वतःला कशाला लावतेस टोकाला?’ मारिकाला आज सकाळी सांगितलं. ती पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलली. ‘हे तुमचं काम नाही! तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे करायला?’ मी म्हटलं, कोणी नाही. मग म्हणाली, ‘केबिनचा नंबर काय म्हणालात?’ तिची माणसं तिथे असतील. बंदी मोडून तो तुमच्यासाठी तिथवर आला, तर त्याला तिथेच धरता येईल, आणि या वेळी नुसती समज देऊन सोडता येणार नाही, असं ती म्हणते. मला मात्र घरीच राहायला सांगितलंय. ‘तुम्ही दार लावून बसा, बाकी आमच्यावर सोडा.’ पण मारिका रिकार्डला माझ्याइतकी ओळखत नाही. तो घर बघतो, खिडकी बघतो, आत कोण फिरतंय ते बघतो, आणि खात्री पटल्याशिवाय गाडीतून पाय खाली ठेवत नाही. रिकाम्या केबिनसमोरून तो न थांबता निघून जाईल. आणि मग त्याला कळेल की मी त्याला फसवलं. आणि मग त्याला उत्तरेकडचा रस्ता आठवेल.

दोन मागण्या आहेत. सिग्ने पुन्हा माझ्याशी बोलेल तेव्हा तिला सांगून ठेव की आज्जीला जेवणाचं काही सांगायचं नाही. मी विचारणार नाही, पण ती आपणहून सांगेल, तशीच आहे ती. तिला दुखवू नकोस, खेळ आहे म्हणून सांग. दुसरं, नव्या ठिकाणी मला काहीच कळू देऊ नकोस. हवा नको, सण नको, शाळेची सहल नको. तू माझ्यावर विश्वास ठेवलास म्हणून हे झालं असं नाही. मला इतकंसं काही मिळालं की मी त्यातून उरलेलं सगळं काढते, हा माझा स्वभाव आहे, आणि तो या वयात जायचा नाही. मला उपाशी ठेव.

हे पत्र नेहमीसारखं दोन पाकिटांत घालून कर कार्यालयाकडे जाईल, लपवलेले पत्ते त्यांच्याचकडे असतात, आणि तिथून कोणीतरी ते तुझ्या नव्या नावावर पाठवेल. आठ दिवस लागतात, कधी दहा. दोन वर्षं मी त्या आठ दिवसांना शिव्या घातल्या. आज मला ते हवे आहेत. कारण रविवारी वाढदिवस म्हणून तू फोन केला असशील, घरचा फोन वाजत राहिला असेल, आणि मी उचलला नसेल. सिग्नेने विचारलं असेल, आज्जी विसरली का? ती विसरली नाही, एवढं सांगण्यासाठी हे पत्र आहे. तुला आधी कळलं असतं तर तू मला जाऊ दिलं नसतंस. परवा सकाळी आठ वाजून बारा मिनिटांच्या गाडीने मी निघते आहे. तिकीट त्याच संगणकावर काढलं, त्याला दिसावं म्हणून. मारिकाला मी स्टेशनवरून कळवीन, म्हणजे तिला मला अडवायला वेळ उरणार नाही. रविवारी दुपारी केबिनच्या खिडकीत दिवा लावीन, माझं निळं स्वेटर घालीन, ते तो ओळखतो, आणि टेबलावर तीन बशा मांडीन. बीट सकाळीच उकडून ठेवीन. त्याची गाडी साडेतीनच्या सुमाराला येईल असा मारिकाचा अंदाज आहे, उजेड आहे तोवर. मी रस्त्याकडे पाठ करून उभी असेन, म्हणजे कोणी त्याची वाट पाहतंय असं त्याला वाटणार नाही. आणि सोमवारी सकाळी वाचनालय उघडलं की स्टिग ते बटण दाबेल.

तुझीच,
आई